कंट्रीचं सोवळं

सप्टेंबर २०१३. झॅक ब्राउन हा दाढीवाला, लोकरी टोपीवाला, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा कंट्री संगीत गाणारा गायक कॅनडातल्या एका रेडिओवर बोलायला बसला आणि ल्यूक ब्रायन या दुसऱ्या कंट्री गायकाचं 'दॅट्स माय काइंड ऑफ नाइट' हे आपण आजवर ऐकलेलं सर्वांत भिकार गाणं आहे, असं सांगून मोकळा झाला. तक्रार अशी, की तोच ट्रक, तेच चांदणं, तीच आखूड चड्डीतली मुलगी; या लोकांच्या रांगेत उभं राहायचीही लाज वाटते. तक्रारीत तथ्य होतं. फक्त २००८ साली ज्या 'चिकन फ्राइड'ने झॅक ब्राउन बँडला कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर नेऊन बसवलं, त्या गाण्यात तळलेलं चिकन, थंडगार बिअर आणि अंगाला बसणारी जीन्स एवढा ऐवज निघतो. शेवटी सैनिकांना सलाम आहे, त्यामुळे कुणी पंचनामा केला नाही.

जेसन अल्डीन या आणखी एका कंट्री गायकाने ब्रायनची बाजू घेतली, चार दिवस तू-तू मैं-मैं झाली, विषय संपला. पण इतका बाणेदारपणा दाखवल्यावर माणसाला काहीतरी जगावेगळं करून दाखवणं भाग पडतं. ब्राउनने २८ एप्रिल २०१५ला ते करून दाखवलं. अल्बमचं नाव 'जेकिल + हाइड', स्टीव्हन्सनच्या १८८६च्या गोष्टीवरून उचललेलं. मधलं बेरजेचं चिन्ह बँडचं स्वतःचं. ते महत्त्वाचं आहे, कारण अख्ख्या अल्बमभर बेरीजच चालली आहे. एकात एक काही विरघळतच नाही.

ब्राउन मूळचा हॉटेलवाला. गाणं पोटापाण्याला लागण्याआधी त्याने वडिलांबरोबर जॉर्जियात हॉटेल चालवलं, आणि नाव झाल्यावरही कार्यक्रमाआधी चाहत्यांना टेबलावर बसवून जेवू घालायची पद्धत पाडली. त्यामुळे अल्बमही त्याने आपल्याकडच्या श्रीमंत रिसेप्शनमधल्या बुफेसारखा मांडला, यात नवल नाही. सोळा ट्रॅक, म्हणजे सोळा काउंटर. पहिल्याच काउंटरवर 'ब्यूटिफुल ड्रग': क्लबात वाजावा असा इलेक्ट्रॉनिक ठोका. पुढे 'होमग्रोन', हे घरचं, ओळखीचं. पाचव्यावर 'मँगो ट्री'. तिथे गायिका सारा बरेलिस बरोबर आहे आणि मागे १९४०च्या सिनेमातून उचलून आणल्यासारखा ब्रास सेक्शन. त्या ब्रासचा शेवटचा सूर हवेत आहे तोवर सहावा काउंटर: 'हेवी इज द हेड', साउंडगार्डन या रॉक बँडचा क्रिस कॉर्नेल, आणि छातीत बुक्की मारल्यासारखी गिटार. पाचवरून सहावर जाताना माणूस हेडफोन काढून बघतो, की चुकून दुसऱ्याचा फोन तर उचलला नाही ना. पुढे समुद्रकिनारा आहे, सोल आहे, मुलीसाठी गायलेलं भरजरी अंगाईवजा गाणंही आहे.

काही गोष्टी खरोखर चांगल्या आहेत, हे सांगायला हवं. कॉर्नेल गायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसावं असा त्याचा गळा होता. आणि 'ड्रेस ब्लूज' हे जेसन इसबेलचं गाणं: इराकमध्ये मारल्या गेलेल्या आपल्या गावच्या पोराची गोष्ट. त्यावर ब्राउनने कुठलाही प्रयोग केला नाही. केला नाही म्हणूनच ते उभं राहतं.

पण माझा लाडका पुरावा वेगळाच आहे. नववा ट्रॅक 'टुमॉरो नेव्हर कम्स'. त्यात फिडल-बँजोच्या धावपळीखाली मशिनचा ठोका आहे. सोळा गाण्यांत खरोखर काही मिसळायचा प्रयत्न झाला असेल, तर तो इथे. आणि सोळावा ट्रॅक कुठला? तेच गाणं पुन्हा, या वेळी मशिन काढून, लाकडी वाद्यांवर. म्हणजे धाडसाबरोबर त्याचा जामीनही त्याच पाकिटात. जुन्या चाहत्याने चिडून उठू नये, म्हणून जाता जाता त्याच्या खिशात ओळखीचं काहीतरी सरकवून दिलंय.

स्वागत जोरात झालं. अल्बम थेट बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीच्या शिखरावर गेला, बँडचा असा तिसरा. मार्चमध्येच 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये एका रात्रीत 'होमग्रोन'ही वाजलं आणि कॉर्नेलसकट 'हेवी इज द हेड'ही. एक कंट्री रेडिओवर पहिलं आलं, दुसरं रॉकच्या यादीत. कुणी म्हणालं काय आवाका, कुणी म्हणालं काय पसारा. आणि जुन्या, निष्ठावंत मंडळींनी ठेवणीतला आरोप बाहेर काढला: हे कंट्रीच नाही.

हा आरोप ऐकला की मला अ‍ॅटलांटा आठवतं. बँडचं गाव म्हणून आठवतं, त्याहून १९२३ सालामुळे जास्त. त्या साली राल्फ पीअर नावाचा ओके या रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्र घेऊन तिथे आला आणि त्याने फिडलिन जॉन कार्सनचं ध्वनिमुद्रण केलं. पीअरला ते गाणं अजिबात आवडलं नव्हतं. खपलं, तेव्हा आवडलं. यानंतर कंपन्यांकडे दक्षिणेतल्या गाण्याचे दोन कॅटलॉग झाले. काळ्यांचे ते 'रेस रेकॉर्ड', गोऱ्यांचे ते 'हिलबिली'. गावात दोघे एकाच ओसरीवर तीच गाणी वाजवत असत. दुकानात मात्र फळ्या वेगळ्या. कंट्री नावाचं घराणं कुणा उस्तादाने स्थापलेलं नाही. ते दुकानदाराने मालाची आवराआवर करताना निघालं.

आणि त्या फळीवरच्या मालाची कुळकथा विचारूच नका. बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला. स्टील गिटार हवाईची. योडल आल्प्सच्या डोंगरातलं. जिमी रॉजर्स, ज्याला कंट्रीचा बाप म्हणतात, त्याने १९२७ साली ब्रिस्टलमध्ये पीअरपुढेच पहिली ध्वनिमुद्रिका केली आणि १९३०च्या जुलैत लॉस एंजेलिसला 'ब्लू योडल नंबर ९' गायला. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन. जॅझचा राजा कंट्रीच्या बापाला साथ करतोय, आणि रेकॉर्डच्या लेबलवर राजाचं नाव नाही. सोवळ्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या हातचं खायचं तर असंच, दार लावून.

ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम म्हणजे या घराण्याचं देऊळ. सुरुवातीच्या काळात त्याच्या मोठ्या आकर्षणांपैकी एक होता डीफोर्ड बेली, हार्मोनिका वाजवणारा काळा कलावंत. १९४१ साली त्याला काढून टाकलं. तो १९८२ साली गेला, आणि २००५ साली त्याला कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाने बसवलं. घाई कसली? याच देवळात ड्रमला कैक वर्षं मज्जाव होता. ड्रम आला की कंट्री बुडणार, अशी तेव्हाची खात्री. आज 'खरं जुनं कंट्री' म्हणून जे डोळे मिटून ऐकतात, त्यात ड्रम वाजत असतो, आणि कुणाला त्याचा विटाळ होत नाही.

१९७४ साली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेला कंट्री म्युझिक असोसिएशनचं बक्षीस मिळालं तेव्हा जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायकांच्या घरी नाराज कलावंतांची बैठक बसली आणि शुद्धीसाठी वेगळी संघटनाच निघाली. पुढच्या वर्षी वर्षाच्या सर्वोत्तम कलाकाराचं नाव जाहीर करायला कंट्री गायक चार्ली रिच मंचावर आला. पाकीट उघडलं, नाव जॉन डेन्व्हरचं. रिचने लायटर काढला आणि तो कागद सगळ्यांसमोर पेटवला. तो प्यायलेला होता की ते निषेधाचं कृत्य होतं, यावर अजून वाद आहे. पण स्वतः रिच काय गात होता? 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स'. व्हायोलिनांच्या गाद्यागिरद्यांवर पहुडलेला गुळगुळीत पॉप. आणि ज्याचं नाव जळलं, त्या डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' आज पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतही गिटार हातात आलेला प्रत्येक मुलगा वाजवतो.

तेव्हा 'जेकिल + हाइड' कंट्री नाही, हा आरोप ऐकून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. खरा आरोप कुणी नीट केलाच नाही. रॉजर्सच्या गाण्यात आर्मस्ट्राँग शिरतो तेव्हा दोघांनाही जरा सरकून बसावं लागतं. ट्रम्पेट योडलला उत्तर देतो, योडल ट्रम्पेटची वाट बघतं. रे चार्ल्सने १९६२ साली कंट्रीची गाणी उचलून आपल्या पद्धतीने गायली, तेव्हा गाणीही बदलली आणि रे चार्ल्सही. ब्राउनच्या अल्बममध्ये कुणीच कुणासाठी सरकत नाही. स्विंग स्विंगसारखं, मेटल मेटलसारखं, क्लब क्लबसारखं. प्रत्येक सोंग चोख. जेकिल आणि हाइडला एकाच खोलीत कधी कुणी पाहिलं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर नाव फारच प्रामाणिक आहे.

पुढची गंमत कालगणनेची. 'जेकिल + हाइड' दुकानात आल्यावर आठवड्याने क्रिस स्टेपलटन या कंट्री गायकाचा 'ट्रॅव्हलर' आला. साधा, करकरीत लाकडी आवाज. नोव्हेंबरमध्ये त्याने असोसिएशनची बक्षिसं लुटून नेली. 'ट्रॅव्हलर'चा निर्माता होता डेव्ह कॉब. आणि २०१७ साली झॅक ब्राउन बँडचा पुढचा अल्बम कोणी केला? डेव्ह कॉबने. नाव 'वेलकम होम'. भाविकांना आनंदाचं भरतं आलं, पोरगं घरी परतलं! पोराने आधीच बाजूला एक इलेक्ट्रॉनिक मंडळ काढलं होतं, त्याकडे घरच्यांनी कानाडोळा केला.

२०१९च्या २० सप्टेंबरला तो करणं अवघड झालं. 'द आउल' आला: मदतीला स्क्रिलेक्स, मॅक्स मार्टिन, पॉपच्या कारखान्यातले नामांकित कारागीर. तेवढ्याने भागेना म्हणून त्याच दिवशी ब्राउनने एकट्याचा आणखी एक पॉप अल्बम सोडला, 'द कॉन्ट्रोव्हर्सी' या नावाचा. कंट्रीच्या समीक्षकांनी दोन्ही सोलून काढले, आणि या वेळी त्यांचं फारसं चुकलं नाही. २०१५मध्ये निदान सोळा काउंटर होते. इथे सगळीकडे तीच एक ग्रेव्ही. २०२१मध्ये पुढचा अल्बम आला 'द कमबॅक', आणि पुन्हा सगळे खूश. दर चार वर्षांनी परत यायचं म्हणजे मधल्या काळात कुठेतरी जायला तर हवंच.

पण २०१९ साल एवढ्यावर संपत नाही. आदल्या डिसेंबरात त्याच जॉर्जियातल्या, त्याच अ‍ॅटलांटाच्या शेजारच्या एका एकोणीस वर्षांच्या काळ्या पोराने, लिल नॅस एक्सने, नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या एका तुकड्यातला बँजो आणि त्याखाली हिपहॉपचा ठोका असलेला तयार ट्रॅक घेतला आणि वर काउबॉयचं गाणं म्हटलं. 'ओल्ड टाउन रोड'. दोन मिनिटांहूनही छोटं. त्यात बँजो आणि ठोका एकमेकांना सोडत नाहीत, म्हणजे ब्राउनला सोळा ट्रॅकांत जे नीट जमलं नव्हतं ते इथे झालं. बिलबोर्डने २०१९च्या मार्चमध्ये ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. कारण दिलं, की आजच्या कंट्रीचे पुरेसे गुण त्यात नाहीत. रंगाचा काही संबंध नाही, असंही सांगितलं. मग बिली रे सायरस या कंट्री गायकाला घेऊन गाण्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि गाणं देशाच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

आता 'जेकिल + हाइड'मधलं ते पहिलं गाणं आठवा, 'ब्यूटिफुल ड्रग'. क्लबातला ठोका, चकचकीत की-बोर्ड. कंट्री रेडिओवर ते वाजलं. नुसतं वाजलं नाही, पहिल्या नंबरावर गेलं. कुठल्याही यादीतून कुणी ते काढलं नाही. पुरेसे गुण होते म्हणायचे. दाढी होती, टोपी होती.

पुढेही तेच. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर' या अल्बमला २०२४च्या असोसिएशनच्या बक्षिसांत एकही नामांकन मिळालं नाही. २०२५च्या ग्रॅमीत मात्र कंट्रीचा सर्वोत्तम अल्बम तोच ठरला. त्यानंतर चारच महिन्यांनी ग्रॅमीवाल्यांनी जाहीर केलं, की यापुढे कंट्री अल्बमची बक्षिसं दोन: एक पारंपरिक, एक समकालीन. पीअरसाहेबांच्या दोन फळ्या होत्या, इथेही दोनच. कुठला माल कुठे ठेवायचा हे समिती ठरवेल, आणि समितीत कोण असावं यावर कंट्रीच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, आता निवांत भांडता येईल.