कॅप्टन

आमच्या सोसायटीत त्यांना कॅप्टन म्हणतात. नोकरी बँकेत, तीही सांगलीत. पाण्याशी संबंध म्हणजे कृष्णेचा पूर. पण मुलाने मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली आणि गृहस्थांनी दोनशे पानी वहीच घातली. तेव्हापासून घराच्या भिंती 'बल्कहेड' झाल्या, बाल्कनी 'डेक' झाली. "आज गॅलीत काय शिजतंय?" असं त्यांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "गल्लीत काय शिजणार? नालेसफाई चाललीय."

कुणी 'बोट' म्हटलं की त्यांना सहन होत नाही. "बोट नव्हे, जहाज! बोट जहाजावर चढवता येते, जहाज बोटीवर चढतं का?" काकूंचं माहेर वेंगुर्ल्याचं. त्या आयुष्यभर बोटच म्हणत आल्या. टेंडर म्हणजे काय, हे कॅप्टन वही उघडून पाऊण तास समजावत होते. जहाज खोल पाण्यात थांबतं, धक्क्यापर्यंत येत नाही, मग उतारूंना न्यायला छोटी नाव... काकू मटार सोलत म्हणाल्या, "म्हणजे पडाव."

योगायोगाने आम्हीही त्याच फेरीला होतो. बॅलार्ड पिअरला पाऊल ठेवल्यापासून शिकवणी सुरू. लिफ्टमध्ये एक मुलगा म्हणाला, "ताशी वीस नॉटने जाणार म्हणे." कॅप्टननी त्याला तिथेच गाठलं. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1852 मीटर; ताशी नॉट म्हणणं म्हणजे पिवळं पीतांबर! मुलगा मजल्याआधीच उतरून गेला.

वरच्या डेकवर त्यांनी आम्हा पाचसहा जणांना उभं केलं आणि जहाजाच्या नाकाडाकडे, म्हणजे 'बो'कडे, पाठ करून व्याख्यान झोडलं. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती बाजू स्टारबोर्ड. वल्हं मोडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायची, ती पोर्ट. पोर्टचं जुनं नाव लारबोर्ड. वाऱ्यावादळात स्टारबोर्ड की लारबोर्ड कळेना, म्हणून 1844 साली ब्रिटिश नौदलाने ते मोडीत काढलं. माहिती चोख होती, हे कबूल करायला हवं. "डावा-उजवा माणसागणिक बदलतो, पोर्ट बदलत नाही. बोकडे तोंड केल्यावर जी डावी, ती पोर्ट. रात्री तिथे लाल दिवा. ही बघा!" म्हणत त्यांनी झोकात डावा हात पसरला.

जवळून जाणाऱ्या खलाशाने काही न बोलता त्यांना खांद्याला धरून हळूच अर्धवर्तुळ फिरवलं.

रात्री जेवणानंतर समुद्र जरा हलायला लागला. पुढे-मागे होतं ते पिच, डावी-उजवीकडे कलतं ते रोल, एवढं बोलून कॅप्टन एकाएकी केबिनकडे निघाले. केबिन पुढच्या अंगाला, हे गेले थेट मागे, 'आफ्ट'ला. काकूंनी शोधून आणलं. मी गोळी घेऊन गेलो, तेव्हा हे पांघरुणात आणि काकू लिंबू कापताहेत.

"आत्ता हे पिच की हो रोल?" काकूंनी विचारलं. उत्तर नाही.

"बोट लागलीय यांना," त्या मला म्हणाल्या.

पांघरूण हललं. "बोट नव्हे... जहाज."

काकूंनी लिंबाची फोड परत बशीत ठेवली. "जहाज लागल्यावर काय देतात, मला नाही माहीत. बोट लागली म्हणा, लिंबू देते."

बराच वेळ फक्त एंजिनाची घरघर. मग पांघरुणातून एक हात बाहेर आला.

"बोट," कॅप्टन म्हणाले.