आधी सुपरव्हिजनचे तास लिहा

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शिक्षणसंस्थांना 15 सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा, ही त्यातली एक. गरज होतीच. एकट्या 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची एनसीआरबीची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे.

पदं भरली जातील. पण त्या खुर्चीत बसणाऱ्याने दिवसभर ऐकलेलं कुठे न्यायचं, याबद्दल त्या 15 सूचना काही सांगत नाहीत. ते कॉलेजांनाच ठरवावं लागेल, आणि नेमणुकीच्या पत्रातच ठरवावं लागेल.

आज चित्र काय आहे? अनेक कॉलेजांत मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेलाच समुपदेशन केंद्राचा अतिरिक्त कार्यभार दिला जातो. ज्या बाईंच्या हातात इंटर्नलचे गुण आहेत, त्यांच्यासमोर मुलगा घरातली मारहाण सांगेल का? दुसरीकडे एमए होऊन दोन-तीन वर्षं झालेली मुलगी तासिका तत्त्वावर घेतात. आठवड्यातून दोन दिवस तिने यायचं, स्टाफरूमला लागून असलेल्या खोलीत बसायचं आणि हजारो विद्यार्थ्यांना पुरायचं. समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएसीएस हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक सुचवते. आपल्या पदवी महाविद्यालयांत हे प्रमाण अजून स्वप्नच आहे.

प्रशिक्षणाचं तेच. एमएला सिद्धांत शिकवतात, चाचण्या शिकवतात. पण समोरची मुलगी ‘सर, आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाली, तर पुढचं वाक्य कोणतं? ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यानंतर तिच्यासोबत बसून सुरक्षेचा आराखडा कागदावर उतरवायचा. त्रास वाढायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाकडे जायचं, कोणाला फोन लावायचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. ती पुस्तकातून वाचून येत नाही. जाणत्या माणसासमोर पुन्हा पुन्हा करून पाहिली, तरच अंगवळणी पडते. त्यातही मोठ्या शहरात नवा आलेला गावाकडचा मुलगा ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. तो डोकं दुखतं म्हणतो, झोप नाही म्हणतो, ‘लक्ष लागत नाही मॅडम’ म्हणतो. वसतिगृहात त्याची जात आणि प्रवेशाचा रँक कोणी कोणी विचारला, हे तो तिसऱ्या भेटीत सांगतो. ते ऐकायचं कसं, याचं शिक्षणही घ्यावंच लागतं.

हे शिक्षण नोकरी लागल्यावर जिथे सुरू राहतं, त्याला या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात. ही प्राचार्यांनी घेतलेली आढावा बैठक नव्हे. अनुभवी समुपदेशक, शक्यतो कॉलेजबाहेरचा, महिन्यातून ठरलेल्या वेळी बसतो. विद्यार्थ्याचं नाव न घेता केस मांडायची. माझं काय सुटलं, मी कुठे घाबरले, कोणाची गोष्ट मी घरी घेऊन गेले, हे बोलायचं. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना मान्यताप्राप्त सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तासाचं सुपरव्हिजन मागते, मग ते कितीही अनुभवी असोत. नव्या सर्जनला सीनियरशिवाय थिएटरात एकटं सोडत नाहीत. नव्या समुपदेशकाला मात्र आपण जीवनमरणाच्या संभाषणात एकटं सोडतो.

यावर अनेक संस्थांचं उत्तर ठरलेलं असतं: सेल्फ-केअरची एक दिवसाची कार्यशाळा. श्वासाचे व्यायाम करा, डायरी लिहा, सुट्टीत फिरून या. हे सगळं करावं, त्याने बरं वाटतं. पण थकव्याचं मूळ कामाच्या रचनेत असेल, तर त्यावरचा उपाय एकट्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात टाकणं हा अन्याय आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली बर्नआउटवर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांना पाहून. चार्ल्स फिगली यांनी 1995 च्या पुस्तकात इतरांच्या यातना ऐकून येणाऱ्या थकव्याची मांडणी केली. जो जास्त जीव लावतो तो आधी मोडतो, हे या क्षेत्राला इतक्या वर्षांपासून ठाऊक आहे.

सगळ्यात कठीण दिवस असतो तो एखादा विद्यार्थी गेल्याचा. समुपदेशकाला पहिला प्रश्न येतो, ‘तो तुमच्याकडे आला होता का?’ दुसरी मागणी असते फाइलची. आणि त्याच दुपारी तिनेच वर्गात जाऊन साठ रडणाऱ्या मुलांना सावरायचं असतं. त्या मुलाशी ती आठवडाभरापूर्वी बोललेली असते. तिचं दुःख, तिची अपराधी भावना, तिची भीती यांची चौकशी कोणी करत नाही. अशा प्रसंगी बाहेरून दुसरा समुपदेशक त्याच दिवशी बोलावला पाहिजे. वर्गातली सत्रं त्याने घ्यावीत. कॉलेजच्या समुपदेशकाला पगारी रजा आणि स्वतःसाठी कोणाकडे तरी जाण्याची सोय मिळावी. हा आराखडा प्रसंग घडण्याआधी लिहिलेला हवा. घडल्यानंतर सगळेच घाबरलेले असतात.

म्हणून व्यवस्थापनांकडे मागणी आहे, आणि ती मोठी नाही. नेमणुकीच्या पत्रात चार गोष्टी लिहा. महिन्याला दोन तासांचं सुपरव्हिजन, कामाच्या वेळेत आणि कॉलेजच्या खर्चाने. दिवसाला किती सेशन्स, याची मर्यादा. दार बंद होणारी खोली, आणि कोण आलं होतं हे न विचारण्याची हमी. रात्रीच्या फोनची जबाबदारी एकीवर नाही. त्यासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा चोवीस तासांचा क्रमांक आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाशी केलेली लेखी व्यवस्था हवी. छोट्या कॉलेजांना खर्च झेपत नसेल, तर एका तालुक्यातली चार-पाच कॉलेजं मिळून एक सुपरव्हायझर नेमू शकतात. महिन्यातून एकदा गट ऑनलाइन बसला, तरी सुरुवात होते.

पालकहो, प्रवेशाच्या वेळी तुम्ही प्लेसमेंट विचारता, मेस विचारता, वसतिगृहाची शिस्त विचारता. यंदा आणखी एक विचारा: तुमच्या समुपदेशकाला सुपरव्हिजन कोण देतं? उत्तर आलं नाही, तर त्या कॉलेजने पद भरलं आहे, सेवा अजून सुरू केलेली नाही.