प्रागमधला किमान समान कार्यक्रम

महाराष्ट्रातल्या माणसाला आघाडी सरकार कसं चालतं हे शिकवायला नको. तरीही ज्यांना या विषयाचा प्रात्यक्षिकासह अभ्यास करायचा असेल, त्यांनी सात-आठ जुने मित्र-मैत्रिणी गोळा करावेत, शेंगेन व्हिसा काढावा आणि दोन-तीन दिवसांसाठी प्रागला जावं. विधिमंडळाचं अख्खं अधिवेशन जे शिकवणार नाही, ते तिथल्या जुन्या चौकात 'आता जेवायचं कुठे?' या एका प्रश्नावर शिकायला मिळतं.

आम्ही आठ जणांनी हेच केलं. असं सरकार स्थापन होतं व्हॉट्सॲपवर आणि खातेवाटप विमानात बसण्याआधीच उरकतं. ज्याच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा मोठी, तो अर्थमंत्री. जो कधीकाळी कंपनीच्या खर्चाने फ्रँकफर्टच्या विमानतळावर चार तास बसला होता, तो परराष्ट्रमंत्री. युरोपबद्दल त्याचा शब्द शेवटचा. ज्याच्या फोनची बॅटरी टिकते, त्याच्याकडे नकाशा, म्हणजे रस्ते व परिवहन. जिच्या बॅगेत भडंग, खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी, तिच्याकडे अन्न व नागरी पुरवठा. हे खातं कोणी मागून घेत नाही, पण सरकार राहणार की पडणार ते इथेच ठरतं. उरलेले बिनखात्याचे मंत्री. त्यांच्याकडे एकच काम असतं, नाराज राहणं, आणि हे काम ते निष्ठेने करतात.

मुख्यमंत्रिपद मात्र अर्धा-अर्धा दिवस वाटून घ्यायचं ठरलेलं असतं. दुपारी खुर्ची सोडायची वेळ आली की असं काही ठरलंच नव्हतं, असं पहिल्याचं म्हणणं पडतं. बंद दाराआड काय बोलणं झालं, हे हॉटेलच्या लिफ्टला ठाऊक.

मग येतो किमान समान कार्यक्रम. एकाला काफ्काचं प्राग पाहायचं असतं. एकीला विशेहरादच्या टेकडीवर जाऊन संगीतकार द्वोर्झाकची कबर बघायची असते. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात श्कोडाच्या कारखान्याशी पोटापाण्याचा संबंध असलेल्या एकाला म्लादा बोलेस्लावला, म्हणजे श्कोडाच्या माहेरी, जाऊन यायचं असतं. एकाला नुसतं बसायचं असतं, समोर बिअर ठेवून. आघाडीत प्रत्येकाला नकाराधिकार असतो, त्यामुळे एकेक करून हे सगळं वगळलं जातं. कोणाचाच विरोध नाही असं जे उरतं, ते म्हणजे घड्याळ, पूल आणि किल्ला. गंमत म्हणजे कोरियाच्या, ब्राझीलच्या आणि आपल्या शेजारच्या सोसायटीच्या आघाडीतही नेमकं हेच उरलेलं असतं. म्हणून तर सगळ्या जगाचे किमान समान कार्यक्रम प्रागमध्ये एकाच फरशीवर, एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे असतात.

घड्याळापासून सुरुवात करू. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं. अजून चालू असलेल्या अशा घड्याळांत ते जगातलं सर्वांत जुनं. हानुश नावाच्या घड्याळजीने ते केलं आणि त्याने दुसऱ्या शहराला तसंच करून देऊ नये म्हणून इथल्या नगरसेवकांनी त्याचे डोळे फोडले, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात ते केलं कादानच्या मिकुलाशने, आणि त्याच्या डोळ्यांना काही झाल्याची नोंद नाही. पण दंतकथा ऐकून आपल्याकडच्या कंत्राटदारांना बरं वाटेल. आपले नगरसेवक फार तर बिल अडवतात.

या घड्याळाचं खरं वैशिष्ट्य असं की ते एकाच तबकडीवर अनेक प्रकारच्या वेळा दाखवतं. एक आपली नेहमीची वेळ, एक सूर्यास्तापासून मोजलेली जुनी बोहेमियन वेळ, एक दिवसाबरोबर लांबणारी-आखडणारी बॅबिलोनियन वेळ, आणि एक ताऱ्यांची. आघाडीला याहून सोयीचं घड्याळ सापडणार नाही. 'नऊ वाजता खाली लॉबीत' असा ठराव एकमताने मंजूर झालेला असतो. परिवहनमंत्री नेहमीच्या नऊला येतात, अर्थमंत्री बॅबिलोनियन नऊला, आणि केस वाळवणारे दोन सदस्य ताऱ्यांच्या भरवशावर असतात.

दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात. बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो: चला, वेळ झाली. शेजारी आरसा घेतलेला गर्विष्ठ माणूस आणि थैली धरलेला कंजूष माना हलवून सांगतात, इतक्यात नको. शेवटी कोंबडा आरवतो आणि कार्यक्रम संपतो. मिनिटभराचाही नसतो. खाली हजारभर लोक फोन वर धरून तो पडद्यावर पाहतात आणि पुटपुटतात, 'एवढंच?' वरच्या आकृत्यांना मात्र इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून चांगला प्रयोग बघायला मिळालेला नाही. दर तासाला खाली बरोब्बर गर्दी जमते, एकाच वेळी सगळे हात वर जातात, स्वतःला आरशात पाहणारे स्वतःकडे कॅमेरा वळवतात, थैलीवाले थैली चाचपतात, आणि मिनिटभरात सगळे नाहीसे होतात. तिकीटही नाही.

पुलावर जायला आमच्या परराष्ट्रमंत्र्यांचा विरोध नव्हता, कारण फ्रँकफर्टलाही पूल आहेत. चार्ल्स पुलाचा पहिला दगड बसवला चौथ्या चार्ल्सने, १३५७ साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी. आकडे ओळीने मांडा: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १. ज्योतिषांनी काढलेला मुहूर्त, असं सांगतात. पहाटेच्या मुहूर्तावर उरकलेला कार्यक्रम साडेसहाशे वर्षांहून अधिक टिकू शकतो, यावर मराठी माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. आपला अनुभव साधारण ऐंशी तासांचा.

या पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती आणि त्यासाठी गावोगावहून अंडी मागवली गेली, अशीही एक दंतकथा आहे. वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली, असं तिथली माणसं हसत हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात काय आहे? पाठिंब्याचं पत्र वेळेवर पोचलं, संख्याबळात भर पडली, आणि बांधकामाला काडीचाही उपयोग झाला नाही. यालाच बाहेरून पाठिंबा म्हणतात. आमच्यातही दोन वेल्वारी होते. 'तुम्ही ठरवा, आम्हाला काहीही चालेल,' म्हणायचे आणि ठरवल्यावर तोंड पाडायचे.

पुलावर तीस पुतळे आहेत. गर्दी असते नेपोमुकच्या संत जॉनपाशी. चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकमावरून १३९३ मध्ये याला नदीत फेकलं. राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते त्याने राजाला सांगितलं नाही, अशी श्रद्धा आहे. गुपित जपण्यासाठी जीव देणाऱ्या या माणसाच्या पायाशी उभं राहून आम्ही सगळ्यांनी, कोणाचा पगार किती आणि कोणाचं घरी पटत नाही, याची अद्ययावत माहिती एकमेकांना पुरवली. पुतळ्याखालच्या पाटीला हात लावला की इच्छा पुरी होते, म्हणून ती घासून घासून सोन्यासारखी झाली आहे. शेजारच्या पाटीवर एक शिपाई कुत्र्याला गोंजारतो आहे. त्या कुत्र्याचा नवसाशी मूळचा काही संबंध नाही, पण इकडची रांग लांब आणि तिकडची आखूड, म्हणून लोकांनी त्यालाही चमकवून टाकलं. गर्दी हेच प्रमाणपत्र, आणि ते मिळवायला पुरेसे हात लागले की झालं, इतकाच स्थळदर्शनाचा नियम.

याचा उलटा पुरावा पलीकडच्या काठावर आहे. माला स्त्रानात विजयी मातेचं चर्च आहे आणि त्यात प्रागचा बाळ येशू. मेण लावलेली लाकडी मूर्ती, हातभर उंचीची. लोबकोवित्स घराण्यातल्या पोलिक्सेनाने १६२८ मध्ये कार्मेलाइट साधूंना दिलेली. जगभरातून या बाळाला झगे येतात. नाशिकरोडला फेब्रुवारीत ज्या बाळ येशूच्या यात्रेला लोटालोट होते, त्याचं हे मूळ ठिकाण. आमच्यातल्या एका नाशिककराने दारात थांबून हे सांगितलं. परिवहनमंत्र्यांनी आत डोकावून पाहिलं. 'रांग नाहीये,' ते म्हणाले, आणि प्रस्ताव बारगळला. पुढे जॉन लेननच्या नावाची रंगवलेली भिंत होती. तिथे रांग होती. लेनन प्रागला कधी आला नव्हता, पण आम्ही तिथे अर्धा तास उभे होतो.

किल्ल्यात सेंट व्हिटसचं कॅथेड्रल आहे. बांधकाम सुरू १३४४, पूर्ण १९२९. मधली ५८५ वर्षं मुंबई-गोवा महामार्गाशी संबंधित सर्व खात्यांनी फायलीला जोडून ठेवावीत, उत्तर द्यायला उपयोगी पडतील.

पण आघाडीच्या अभ्यासकासाठी खरं तीर्थस्थान शेजारच्या जुन्या राजवाड्यातली एक खिडकी. प्रागमध्ये मतभेद झाले की समन्वय समिती नेमत नसत, खिडकी उघडत. १४१९ मध्ये नव्या शहराच्या टाउन हॉलमधून नगरसेवकांना खाली टाकलं. १६१८ मध्ये इथून सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला. वीसेक मीटर खाली पडूनही तिघे वाचले. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. म्हणजे एकाच घटनेची दोन वाहिन्यांवर दोन बातम्या, ही सोय तेव्हाही होती. पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं, निम्मा युरोप होरपळला, आणि चिटणीस फाब्रिसियसला सम्राटाने सरदारकी देऊन किताब दिला 'होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडलेला. पडझडीनंतर बढती मिळते, याचा इतका स्वच्छ दाखला आपल्याकडच्या पक्षांतरांतही सापडत नाही. खिडकीपाशी आमचे तीन बिनखात्याचे मंत्री बराच वेळ उभे होते. ते नुसता देखावा पाहत नसावेत, अशी शंका परराष्ट्रमंत्र्यांना आली आणि ते भिंतीकडे सरकले.

अर्थखात्याबद्दल दोन शब्द. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण चलन अजून कोरुना. अर्थमंत्र्यांनी पुण्याहून युरो आणले होते. चौकाजवळच्या एका खिडकीवर ठळक अक्षरांत 'कमिशन शून्य टक्के' लिहिलेलं होतं आणि भाव बारीक अक्षरांत. अर्थसंकल्पातही असंच असतं, त्यामुळे ते बावरले नाहीत. फसलात तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, असा कायदा तिथे २०१९ पासून आहे. पण तूट किती हे ठरवायला आमच्या मंत्रिमंडळाला चार तास लागले. त्यानंतर सगळ्यांनी शोक म्हणून त्रदेलनिक खाल्लं. निखाऱ्यावर दांड्याला गुंडाळून भाजलेली, साखर-दालचिनी लावलेली पिठाची नळी. गाड्यावर पाटी असते 'प्राचीन बोहेमियन परंपरा'. परंपरा खरी स्लोव्हाकियातल्या स्कालित्साची, आणि प्रागच्या गल्लोगल्ली ती पसरली ती याच शतकात. आत आइस्क्रीम भरायची रीत तर त्याहून ताजी. पण पर्यटकाला परंपरा लागते आणि दुकानदाराला पर्यटक.

संध्याकाळी वेन्सेस्लास चौक. नोव्हेंबर १९८९ मध्ये इथे लाखो माणसांनी खिशातल्या किल्ल्या खुळखुळवून सत्ताधाऱ्यांना सांगितलं, आता घरी जा. आणि ते गेले. आमच्याही काही सदस्यांचे हात त्या क्षणी खिशाकडे गेले होते. पण हॉटेलांनी आता प्लॅस्टिकची कार्डं दिली आहेत, ती खुळखुळत नाहीत. केवळ म्हणून सरकार तरलं. त्याच चौकात १९२९ सालची बाटाची काचेची इमारत दिसली. 'आपलं बाटा इथेपर्यंत पोचलं!' परराष्ट्रमंत्र्यांचा ऊर भरून आला. तोमाश बात्याने हा उद्योग १८९४ मध्ये झ्लिनला सुरू केला आणि तो तिथून आपल्याकडे आला, हे सांगून राष्ट्रीय भावना दुखवायचं धाडस कोणी केलं नाही.

काफ्काचा प्रस्ताव शेवटी तडजोडीने मंजूर झाला, तोही वाटेत शॉपिंग सेंटर होतं म्हणून. बाहेर शिल्पकार डेव्हिड चेर्नीने २०१४ मध्ये उभारलेलं काफ्काचं भलंमोठं स्टीलचं डोकं आहे. त्याचे बेचाळीस थर. प्रत्येक थर स्वतंत्र फिरतो. नाक पूर्वेला, हनुवटी पश्चिमेला, कपाळ कुठेतरी तिसरीकडे. मग अचानक सगळे थर जुळतात आणि क्षणभर माणसाचा चेहरा दिसतो. बेचाळीस जणांची आघाडी जुळते आणि आपली आठांची जुळत नाही, हे पाहून सगळे गप्प झाले. एवढ्यात लक्षात आलं की आपण सातच आहोत.

द्वोर्झाकवाली बिनखात्याची मंत्री सकाळीच कोणालाही न सांगता ट्राम पकडून विशेहरादला गेली होती. कबर पाहिली, तटावर बसून व्लतावा नदी पाहिली, तळलेल्या चीजचं साधं जेवण जेवली आणि तीन तास कोणाशी एक अक्षर बोलली नाही. परतल्यावर तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. 'काय पाहिलंस?' असं कोणी विचारलं नाही. 'ग्रुप फोटोत तू नाहीस,' एवढंच सुनावण्यात आलं. आघाडीच्या नियमाप्रमाणे ती त्या दिवशी प्रागमध्ये नव्हतीच.

मायदेशी परतल्यावर संयुक्त निवेदन प्रसिद्ध झालं. दौरा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला, सर्व निर्णय एकमताने झाले, मतभेदाच्या बातम्या निराधार आहेत. सोबत घड्याळाखाली काढलेला फोटो, ज्यात घड्याळ नाही. त्याच रात्री व्हिएन्नासाठी नवा ग्रुप तयार झाला. जुना ग्रुप कोणी सोडलेला नाही, त्यावर शुभ सकाळचे संदेश नियमित येत असतात. फक्त नव्या ग्रुपमध्ये परराष्ट्रमंत्र्यांचा नंबर नाही, आणि द्वोर्झाकवालीला विचारलं तर ती म्हणते, 'माझा बाहेरून पाठिंबा आहे.'