गेटपासून हाकेच्या अंतरावर

ताडोबात वाघ दिसणे हा नशिबाचा भाग. पण स्वतःची गाडी नसलेल्याला 'गेटपासून हाकेच्या अंतरावर'चे रिसॉर्ट खरोखर गेटजवळ मिळणे, हा गेल्या जन्मीच्या पुण्याचा. जाहिरातीतली ही हाक नेमकी कोण मारतो, हे विचारायचे नसते. गेट कुठले, हेही जाहिरात सांगत नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशी दारे बरीच. आणि सफारीचे बुकिंग ज्या दाराचे, त्याच दारातून आत जायचे. मोहर्लीचे बुकिंग करून कोलाऱ्यात खोली घेणाऱ्याला अख्ख्या जंगलाला वळसा घालावा लागतो. मधून चालत जायची सोय फक्त वाघांना आहे.

चंद्रपूरहून मोहर्लीला एसटी जाते, नाही असे नाही. पण सफारी उजाडता उजाडता सुटते आणि एसटी आपल्या वेळेने. रिसॉर्टवाल्याला विचारावे, तर उत्तर तयार: "पिकअप मिळेल ना साहेब, काळजीच नको!" दर कळला की काळजी सुरू होते. वेबसाइटवर स्विमिंग पूलचे फोटो सहा कोनांतून. नकाशा तेवढा नाही.

तेव्हा बिनगाडीवाल्यांनो, आधी गेट ठरवा, मग सफारी, मग त्याच गेटच्या गावातली खोली. सफारीची जिप्सी रिसॉर्टच्या दारात येणार का, हे लेखी घ्या. आणि मंगळवार टाळा. त्या दिवशी गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. रिसॉर्टचे भाडे मात्र चालू असते.