सात सह्यांची समाजसेवा

लोकहिताची तळमळ ही कितीही उदात्त असली, तरी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने तिला निदान सात सह्यांची अट घातली असल्यामुळे, आपल्याकडील पुष्कळशा समाजसेवेचा उगम अध्यक्षांच्या माजघरात, म्हणजे पत्नी, मेहुणे आणि नकार देण्याची प्राज्ञा नसलेले भाडेकरू यांच्या संमतीने होतो. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढून वर्गणीसाठी पायपीट करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांना ही सोय सुचली नाही. त्यांच्यापुढे प्रश्न विधवांचा होता, कार्यकारी मंडळाचा नव्हे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर तर एखादा विश्वस्त दिवंगत झाला, तरी बदल अर्ज मंजूर होईपर्यंत धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तो विश्वस्तच राहतो. आणि कित्येक इतिवृत्ते पाहता, या अवधीत त्याची सभांना हजेरी हयातीतल्यापेक्षा अधिक नियमित असते.