महापूरराव, मतदानाच्या दिवशी या!

रा. रा. महापूरराव,
मु. कृष्णा-पंचगंगेचं खोरं

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या येण्याच्या मुहूर्ताबद्दल एक विनंती आहे. येऊच नका असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. २००५, २०१९, २०२१ अशा आपल्या मोठ्या स्वाऱ्या झाल्या, मधल्या वर्षांत किरकोळ फेऱ्याही चालू असतात. नृसिंहवाडीला आपलं पाणी दत्तमंदिरातून वाहून दक्षिणद्वार सोहळा व्हावा म्हणून लोक आपली वाटही पाहतात. म्हणणं एवढंच, की यायचंच असेल तर मतदानाच्या दिवशी या.

हसू नका. मी व्हीलचेअरवरचा माणूस. आमच्या गावात जी शाळा मतदान केंद्र, तीच पुरातलं निवारा केंद्र. मतदानाला जातो तेव्हा शाळेच्या पायऱ्यांवर फळ्यांचा उतार टाकलेला असतो. दारात जादा व्हीलचेअर, तिच्याशेजारी टोपी घातलेला एक स्वयंसेवक पोरगा. "काका, सावकाश," म्हणत तो मला आत नेतो. बाहेर आलो की शाई लावलेल्या बोटाचा फोटो निघतो. लोकशाहीचा मी त्या दिवशी जावईच असतो.

आपण येता तेव्हा तो उतार नसतो. फळ्या मंडपवाल्याच्या होत्या, त्याच संध्याकाळी टेम्पोत गेल्या. मग गावातले चौघे जण मला उचलून आत नेतात. पोरं मनानं सोन्यासारखी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण चौघांच्या खांद्यावरून जाण्याचा मान माणसाला जिवंतपणी एवढ्या वेळा मिळू नये.

२०२४ चंच घ्या. आमच्या भागात लोकसभेचं मतदान ७ मेला झालं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल त्याला घरबसल्या मत देण्याची सोय त्या निवडणुकीत देशभर होती. १२-ड नमुन्यातला अर्ज भरला की पथक दारात हजर: मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा कॅमेरावालासुद्धा. गल्ली कुठली, दरवाजा पूर्वेला की पश्चिमेला, आजीची कॉट माजघरात की पडवीत, सरकारला सगळं ठाऊक. त्याच जुलैच्या अखेरीस आपण पंचगंगेतून वर आलात आणि राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीत. अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी ओरडतं, "अपंग-बिपंग कोण राहतंय का हो हिकडं?" मेमध्ये ज्या कॉटपर्यंत कॅमेरा पोचतो, ती कॉट जुलैत कुणाला सापडत नाही.

आपण म्हणाल, कायदा नाही का? आहे की! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं आठवं कलम आपल्यासारख्या पाहुण्यांसाठीच लिहिलंय. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका दिसला की त्यांना कळवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. आपण सांगलीच्या आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर चढलात त्याच २०१९ साली राष्ट्रीय प्राधिकरणानं दिव्यांगांचा समावेश असलेल्या आपत्ती व्यवस्थापनावर अख्खी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आणि खरी गंमत पुढेच आहे. या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण? जिल्हाधिकारी. जिल्हा निवडणूक अधिकारी कोण? तेच. म्हणजे यादी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत न्यायची नाहीये, एका टोपीतून दुसऱ्या टोपीत टाकायची आहे. अंतर शून्य, तरी वाटेत कुठंतरी पाणी आडवं येत असावं.

आता निवारा केंद्राच्या आत चला. मदत छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि तीस जणांमागं एक संडास, असं राष्ट्रीय निकषांत लिहिलंय. ती जागा प्रत्यक्षात मिळाली असं समजू. ती असते फरशीवर. खुर्चीतून फरशीवर मला कुणीही उतरवू शकतो, फरशीवरून खुर्चीत बसवायला पुन्हा तेच चौघे लागतात. म्हणून मी रात्रभर खुर्चीतच बसतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला असं बसून जखमा होतात आणि त्या पाणी ओसरल्यावर महिनोन्‌महिने चिघळतात. पंचनाम्यात भिंत मोजतात, म्हैस मोजतात. या जखमेला रकाना नाही. संडासाबद्दल जास्त लिहीत नाही. तो चौथीपर्यंतच्या मुलांच्या मापाचा असतो आणि त्यालाही पायऱ्या असतात. त्यावर आमच्यातल्या पुष्कळांनी उपाय शोधलाय: छावणीत पाणी प्यायचंच नाही. चहूकडं आपण आणि आत माणूस तहानलेला.

शेजारच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. दोनशे माणसं, रडणारी पोरं, सतत चालू असलेला कर्णा. आईनं त्याला शेवटी बाहेर नेलं आणि पत्र्याखाली पावसात घेऊन बसली. आत शांत खोली नव्हती का? होती, मुख्याध्यापकांची. तिला कुलूप होतं. कर्ण्यावरून मिळालेला इशारा कर्णबधिर माणसाला गर्दी पळताना पाहूनच कळतो. अंधांसाठी म्हणाल तर ग्रुपवर सूचना येते ती सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो म्हणून. त्यांच्या मोबाइलला मजकूर वाचून दाखवता येतो, फोटोतल्या शिक्क्यापाशी तो अडखळतो.

मदतीला मात्र तोटा नाही हो. चादरी, बिस्किटं, वापरलेल्या साड्यांचे ट्रकच्या ट्रक येतात. फिटच्या गोळ्या, लघवीची नळी, हवेची गादी यांचा ट्रक अजून वाट चुकूनही आलेला नाही. बोटीत तर साधा नियम: माणूस आधी, खुर्ची नंतर. ते 'नंतर' कधी येत नाही. मग खुर्ची आपल्यासोबत कर्नाटकात जाते आणि माणूस सतरंजीवर सामान होऊन पडतो.

आपल्या अमेरिकेतल्या नातेवाईक, चक्रीवादळ सँडीबाई, २०१२ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या न्यायालयानं सांगितलं की शहराच्या आपत्ती नियोजनात दिव्यांगांचा पुरेसा विचार नाही आणि हा भेदभाव आहे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेही न्यायालयानं मान्य केलं. आमच्याकडंही कुणाच्या मनात वाईट नाही. तेवढंच बरं चाललंय.

तर महापूरराव, आचारसंहिता लागली की निघा, मतदानाच्या सकाळी सात वाजता पोचा. उतार असेल, खुर्ची असेल, यादी हातात घेतलेला माणूस दारात असेल. तारीख जमत नसेल तर राहू द्या, दुसरीकडं बोलून पाहतो.

कळावे,
आपला,
एक चाकांवरचा पूरग्रस्त

प्रत: मा. जिल्हाधिकारी. साहेब, दिव्यांग मतदारांची यादी आपल्याच कचेरीत आहे. येत्या मे महिन्यात ती आपत्ती कक्षाकडे द्या, प्रत्येक नावापुढं कोण आणायला जाणार त्याचं नाव लिहा, आणि शाळेचा उतार या खेपेला सिमेंटचा करा. मंडपवाल्याला तो उचलून नेता येणार नाही.