नावं ठेवणारे नाना

लालबागच्या आमच्या चाळीत नावं ठेवणारी माणसं मजल्यागणिक आहेत. नाना त्यांतले नव्हेत. नाना खरोखरच नावं ठेवतात, तीही शास्त्रीय. मांजर आडवं गेलं की आम्ही तीन पावलं मागे सरतो. नाना "फेलिस कॅटस" म्हणतात आणि पुढे जातात.

परळच्या एका गिरणीत नाना हजेरी कारकून होते. मस्टरवर आडनाव आधी, नाव मागाहून, खातं वेगळं. रिंग खात्यात 'शिंदे पांडुरंग' तीन होते. एकाची हजेरी दुसऱ्याला लागली की पगाराच्या दिवशी खिडकीवर गळपट्ट्या धरल्या जात. तेव्हापासून दोन जिवांना एकच नाव असलेलं नानांना खपत नाही. १९८२ च्या संपात मस्टर गेलं, सवय राहिली. पुढे कधीतरी चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेवरच्या पाट्या वाचताना त्यांच्या लक्षात आलं की हेही मस्टरच आहे: आडनाव आधी, नाव मागाहून! "लिनियस म्हणून स्वीडनचा एक टाइमकीपर होता, हे मस्टर त्यानं चालू केलं," असं ते आजही आदराने सांगतात.

लॅटिनला आम्ही बिचकतो, तर त्यावरही त्यांच्याकडे उतारा आहे. "कसलं लॅटिन? निम्मं मराठीच आहे. कर्नल साइक्सनं पुण्याकडची शिंगटी पाहिली आणि कागदावर 'सींगटी' लिहिली. दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खाणारा एक मासा आहे, त्याला सी. व्ही. कुलकर्णींनी १९५२ साली शास्त्रीय नाव काय दिलं? 'खवलचोर'! जगातल्या प्रत्येक विद्यापीठात त्याला आज खवलचोरच म्हणावं लागतं." एवढं बोलून ते कठड्याला टेकतात, जणू खवलचोराच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती.

पण नानांचा खरा जीव जडला तो २०२१ साली. जोगेश्वरीच्या अंध शाळेतल्या चाळीस फूट खोल विहिरीत एक मासा सापडला होता. लांबट, लालसर, जमिनीखालच्या पाण्यात राहणारा; आणि डोळेच नाहीत. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे, अनिल महापात्र आणि अन्नम पवनकुमार या चौघांनी त्याचं बारसं केलं: 'रक्तामिक्थिस मुंबा'. आडनावात रक्त, पुढे ग्रीक मासा, आणि नाव मुंबाआईचं. अंधांच्या शाळेत आंधळा मासा, हे मी गोष्टीत लिहिलं असतं तर संपादकांनी लाल पेन्सिल फिरवली असती. चाळीत मात्र 'ठाकरे' एवढंच ऐकू गेलं आणि गॅलरीत राजकारण पेटलं. नाना ओरडले, "पक्ष काय विचारता? कुळ विचारा!"

त्यांची तक्रार निराळीच होती. देवी आमची, देऊळ भुलेश्वराशेजारी, आणि मासा जोगेश्वरीचा? नानांच्या हिशोबात माहीमच्या खाडीपलीकडे मुंबई नाही, नुसती स्टेशनं आहेत. मी म्हटलं, "नाना, महाबळेश्वरच्या एका माशाला इंग्रजीत 'बॉम्बे स्वॅम्प ईल' म्हणतात, ते चालतं?" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच महाबळेश्वरच्या माशाचं प्रकरण नाना चवीने सांगतात. १९६१ साली सायलस आणि डॉसन यांनी त्याचं नाव 'इंडिकस' ठेवलं. १९६३ साली ईपन यांनी केरळातल्या विहिरीतल्या आंधळ्या माशाला तेच 'इंडिकस' दिलं. आडनावं वेगळी होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे दोघे 'मोनोप्टेरस' या एकाच आडनावाखाली आले. झाला घोटाळा! मागून आला त्याचं नाव काढून घेतलं. १९९१ साली तलवारांनी त्याला 'ईपनी' म्हटलं. २०२० च्या सुमारास कुटुंबं पुन्हा विभक्त झाली, केरळचा मासा रक्तामिक्थिस ठरला आणि त्याला त्याचं जुनं 'इंडिकस' परत मिळालं.

हा कायदा नानांनी चाळीला लावला. तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. पेढा तोंडात टाकण्याआधी नानांनी हरकत घेतली, "आरव? या मजल्यावर एक आरव आहे. मागून आलेल्याला मिळणार नाही." मुलाच्या आत्याने पेढ्याचं ताट उचलून आत नेलं. वर्षभराने जुना आरव आईबापांसह डोंबिवलीला गेला, तेव्हा नाना स्वतः पेढे घेऊन वर चढले आणि दारातूनच म्हणाले, "आता ठेवायला हरकत नाही." पोरगा तोवर त्याच नावाला ओ देत रांगत होता.

परवा मासळी बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. मावशीने वाम पुढे सरकवली, आणि नानांना मुंबा आठवली.

"मावशी, अशीच दिसते. पण वामीच्या खात्यातली नव्हे. आणि तिला डोळे नाहीत."

मावशीचा कोयता थांबला. "डोलं नाय? मंग ताजी का शिली, गिऱ्हाईक वलखनार कसा?"

नाना क्षणभर अडखळले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "कल्ले उघडून बघायचे," ते म्हणाले. पण खोटं त्यांच्याच्याने बोलवेना. "तसं कल्ल्याचं भोकही तिला एकच असतं. गळ्याखाली. त्यावरूनच त्या कुळाचं नाव पडलंय, सिनब्रँकिडी, म्हणजे जुळलेल्या कल्ल्यांचे."

"पर?"

"पर नाहीत."

"खवलं?"

"तीही नाहीत."

"डोलं नाय, पर नाय, खवलं नाय. मंग नाना, त्या मावऱ्यात हाय तरी काय?"

"नाव आहे, मावशी! नाव!"

"मंग नावाचं कालवन करा," मावशी म्हणाली आणि तिने वाम मागे ओढली.

नानांनी समोरच्या बोंबलांच्या वाट्याकडे बोट केलं आणि पिशवी उघडून धरली. नाव घेतलं नाही.